सतराशे किलोचा संकल्प

१४ सप्टेंबर, सकाळ
ठरलं. यंदा दसऱ्याला कुर्डुवाडीला आपल्या गाडीनं जायचं. एसटी नाही, रेल्वे नाही. सतराशे किलोची, पेट्रोलच्या थेंबाची गरज नसलेली आपली इलेक्ट्रिक गाडी. उदयसिंहांनी दारात उभं राहून बघावी.

उदयसिंह म्हणजे माझ्या बायकोचे, मुक्ताचे थोरले भाऊ. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. डबे जॅकवर उचलायचं काम. चार वर्षं येणं-जाणं बंद आहे, कारण त्यांचा हळवा स्वभाव. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात मी सहज म्हणालो होतो की जॅक मारणं ही हमाली, त्याला डोकं लागत नाही. पन्नास माणसं हसली. हे ताटावरून उठले. विनोद कळायलाही जरा शिक्षण लागतं.

मुक्ता म्हणते, शिलंगणाच्या वेळेला तिथं पोचू, दादाच्या हातात सोनं देऊ, की संपलं. मात्र मी एक वाक्य बोलायचं, अशी अट आहे. कुठलं, ते तिनं सांगितलं नाही. मला माहीत आहे. बघू.

१५ सप्टेंबर
मुक्तानं विचारलं, वाटेत पंक्चर झाली तर? शोरूमवाल्यानं हेल्पलाइनचा नंबर दिलाय. एकोणतीस वर्षं नववी-दहावीला तरफ शिकवणारा माणूस हेल्पलाइनला फोन करणार? संकल्प: दसऱ्याच्या आत चाक पंधरा मिनिटांत बदलता आलं पाहिजे. एकट्याला. कोणाला न विचारता.

मुक्ता म्हणाली, दादाला विचारलं तर फोनवर सांगेल. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१७ सप्टेंबर
मॅन्युअल वाचलं. तीनशे पानं. म्हणजे अनुक्रमणिका पूर्ण वाचली. बाकीचं कॉमन सेन्स.

मुद्दे: बॅटरी गाडीच्या तळाला पसरलेली असते. जॅक दाराखालच्या ठरलेल्या खाचेतच लावायचा, इतर कुठंही नाही. जमीन सपाट आणि टणक हवी. नट आधी ढिले करायचे, मग गाडी उचलायची. यात नवीन काय आहे?

डिकीत शोरूमवाल्यानं एक छोटा पंप आणि पांढऱ्या पातळ पदार्थाची बाटली फुकट दिली आहे. टायर पॉलिश असावं. चारही टायरना लावलं. जरा चिकट आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
प्रॅक्टिकल क्र. १. जुन्या गाडीचा जॅक वापरला. शेजारचे सिद्धलिंग चहाचा कप घेऊन बघायला आले. रिटायर्ड माणूस, दुसरं काम नाही. म्हणाले, सर, ह्यो जॅक लहान गाडीचा हाय की. मी समजावलं की आपण एकच चाक उचलतो, म्हणजे वजन पाव. त्यांना गणित पटलं नाही.

पार्किंगमधली माती पावसानं भुसभुशीत झाली आहे. मी दांडा फिरवत राहिलो, जॅक जमिनीत जात राहिला. सिद्धलिंग म्हणाले, गाडी हितंच हाय, जमीन मात्र खाली चाललीय.

निष्कर्ष: जॅक उत्तम. जमीन नापास.

टायरवर धूळ का बसते आहे कळत नाही. पुसून निघत नाही.

२४ सप्टेंबर
जॅकखाली लाकडी पाट ठेवला. टणक पृष्ठभाग मिळाला. गाडी बोटभर उचलली गेली आणि पाट मधोमध फुटला.

पाट मुक्ताच्या माहेरचा होता. उदयसिंहांनी लग्नात स्वतःच्या हातानं केलेला. घरात घट बसलेले. मुक्तानं दोन्ही तुकडे उचलून कपाटावर ठेवले आणि जेवताना मला भाजी पुन्हा विचारली नाही.

सागवान असता तर फुटला नसता, हे मी मनातच ठेवलं. नंतर कपाटाजवळून जाताना तुकड्यांकडे बघवेना. उद्या फेव्हिकॉल आणतो.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळी दहा
यश! फरशीच्या तुकड्यावर जॅक लावला. चाक चार बोटं वर. वैष्णवीला, म्हणजे आमच्या मुलीला, खाली बोलावून फोटो काढायला लावला. ती म्हणाली, बाबा, जॅक जरा आत सरकलाय का? तिला म्हटलं, तू कॉमर्सची.

नट ढिले करायला गेलो तर चाकच गरगर फिरायला लागलं. नट आधी ढिले करायचे असतात. तरी उचलणं जमलं म्हणजे नव्वद टक्के काम झालं. तो फोटो लावून व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं: 'डोकं असेल तर सतराशे किलोही हलके.'

त्याच दिवशी, साडेदहा
उदयसिंहांनी स्टेटस बघितलं. जळले असणार.

पावणेअकरा
मुक्ताच्या फोनवर त्यांचा मेसेज आला. चार वर्षांतला पहिला. जॅक खाचंत न्हाय, बॅटरीच्या तळाला टेकलाय, खाली कुणी हात घालू नका, सावकाश उतरवा.

वैष्णवी तेव्हा चाकाखाली घरंगळलेला पाना काढायला वाकली होती. मी ओरडलो. तिला दंडाला धरून मागं ओढलं. मग गाडी उतरवली. दांडा दोनदा चुकीच्या बाजूला फिरला. सकाळपासून तीन चहा झाले होते, त्यामुळं असेल.

तळाच्या कव्हरवर अंगठ्याएवढा पोचा आहे. वरवरचा. स्टेटस काढून टाकलं, कारण सारखं आपलंच दाखवणं बरं नाही.

मुक्ताला विचारलं, उत्तर पाठवलं का? म्हणाली, बरं दादा, एवढंच लिहिलं. आणि मग पदरानं फोन पुसत बसली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. जॅक, पाना, हातोडी, पक्कड सगळं धुऊन पाटावर (नव्या) मांडलं. हळदकुंकू, झेंडू. वैष्णवीनं लॅपटॉप ठेवला आणि आज अभ्यास नाही म्हणून खूश झाली. मुक्ताच्या माहेरची रीत अशी की पूजेला बसलेलं हत्यार शिलंगण होईपर्यंत हलवायचं नाही. मी लगेच मान्य केलं. मधल्या एका दिवसात जॅकचं काय काम पडणार?

पूजेच्या आधी पार्किंगच्या खांबावर झेंडूचं तोरण मीच ठोकलं. चार खिळे लागले, पाचवा हातातून निसटला. सापडला नाही. जाऊ दे.

संध्याकाळी मागचं डावं चाक जरा बसकं वाटलं. गारव्यानं हवा आकुंचन पावते. नववीचा धडा आहे.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी सहा
पाचवा खिळा सापडला.

सव्वासहा
जॅक देवघरात. मुक्ताला म्हटलं, अडचणीत देव समजून घेतो. ती म्हणाली, घ्या उचलून, तुमचं घर आहे. पण आजच्या दिवशी पूजेतून ओढलेल्या हत्यारावर माझ्या भावाच्या दारात जाणार नाही मी. नवी हिरवी साडी नेसली होती. आपट्याची पानं रुमालात बांधून तयार. मी जॅकला हात लावला नाही.

पावणेसात
म्हटलं तोवर स्टेपनी तरी काढून ठेवू. डिकी रिकामी केली. मॅट काढलं. मॅटखालचं मॅट काढलं.

या गाडीला स्टेपनी नसते.

सात
मॅन्युअल, पान २४१. स्टेपनीऐवजी पंक्चर किट. पंप आणि पांढऱ्या द्रावणाची बाटली. द्रावण टायरच्या आत सोडायचं. बाटली रिकामी आहे.

म्हणजे गेले अडीच आठवडे मी जे चाक उतरवायला शिकत होतो, त्याच्या जागी लावायला दुसरं चाकच नव्हतं. हे शोरूमवाल्यानं ठळक अक्षरात लिहायला हवं होतं. (ठळकच आहे.)

साडेसात
पंपानं हवा भरली. दहा मिनिटांत बसली. पुन्हा भरली. पुन्हा बसली. मुक्ता म्हणाली, आपण साडेनऊच्या एसटीनं जाऊ. मी म्हटलं, फक्त दहा मिनिटं दे.

साडेआठ
हेल्पलाइनला फोन केला. विचारपूस म्हणून. माणूस सणामुळं उद्या येईल.

सव्वानऊ
चौकातल्या तिप्पण्णा पंक्चरवाल्याकडे गेलो. म्हणाला, सर, हत्यारं बसल्यात, शिलंगण झाल्याबिगर उचलत न्हाय. कंप्रेसरलाही हार घातलेला होता. सिद्धलिंग म्हणाले, सर, एसटीनं जावा की. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

पावणेदहा
एसटी गेली. मुक्ताला म्हटलं, अकराची आहे.

अकरा वाजून पाच
अकराचीही गेली. मी गाडीखाली होतो, वेळ कळला नाही. मुक्ता जिन्याच्या पायरीवर बसली आहे. मांडीवर रुमाल. साडी पायरीवर मळेल म्हणून काही अंथरायला देऊ का विचारलं.  वैष्णवी म्हणाली, बाबा, आता पुरे. असं माझ्याशी ती कधी बोलत नाही.

सव्वाअकरा
मुक्तानं भावाला फोन लावला. एवढंच सांगायला की यंदाही जमत नाही. पलीकडून काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाली, दादा थांब म्हणालाय.

दुपारी दोन
उदयसिंह आले. मोटारसायकलवर, कुर्डुवाडीहून इथपर्यंत. पाठीवर गोणपाटाची पिशवी. पिशवीतून जॅक काढला, लाकडाचा ठोकळा काढला, पंक्चरचं सामान काढलं. सगळ्यावर हळदकुंकू. ताजं. जॅकच्या मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली.

मुक्ता ते बघून रडायलाच लागली. उदयसिंह म्हणाले, रडतीस कशाला, हत्याराला सांगून आलोय, बहिणीचं काम हाय म्हणलं.

म्हणजे रीत त्यांनी मोडली. मी मोडलेली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. पण लिहून बरं वाटलं नाही.

दोन वाजून दहा
बाकीच्या चाकांना आडवे दगड लावले. नट आधी अर्धा फेरा ढिले केले. खाच बोटानं चाचपून शोधली, मला वाकायला लावून दाखवली, माझं बोट धरून तिथं टेकवलं. ठोकळ्यावर जॅक. गाडी वर आली, आवाजसुद्धा नाही. चाक उतरवलं, खिळा काढला, भोकात रबर भरलं, चाक चढवलं. टायरला हे चिकट काय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पॉलिश.

साखरपुड्याचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. एवढा वेळ मी विजेरी धरून उभा होतो. दुपारी विजेरीची गरज नव्हती, पण हातात काहीतरी हवं होतं.

मग मी आपट्याचं पान पुढं केलं. सोनं घ्या म्हटलं. त्यानंतर ते वाक्य. तोंड उघडलं आणि विचारलं, नट किती टॉर्कनं आवळले? ते म्हणाले, हाताला कळतंय तेवढं. आणि मला मिठी मारली. शर्टाला ग्रीस लागलं. लागू दे.

अडीच
मुक्ता म्हणाली, गाडी दादा चालवेल. तुम्ही त्याची मोटारसायकल घेऊन मागून या.

३ ऑक्टोबर, कुर्डुवाडी
काल मोहोळपर्यंत गाडी दिसत होती. मुक्ता पुढच्या सीटवर होती. गाडी घेतल्यापासून दोन महिन्यांत माझ्या शेजारी ती कायम दाराची मूठ धरून बसली आहे. काल मान टाकून झोपली होती. मागून स्पष्ट दिसत होतं. मोहोळच्या पुढं गाडी नजरेआड झाली.

शिलंगणाला सगळे वेळेवर पोचले. मी नंतर पोचलो. वहिनींनी माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

आज पहाटे उठून वाक्य पाठ केलं. उदयसिंह, त्या दिवशी चुकलं माझं, हमाली मी करतो, तुम्ही काम करता. आरशासमोर पाच वेळा म्हटलं. चांगलं जमलं होतं. बाहेर आलो तर ते ड्युटीवर गेले होते.

मुक्ताला म्हटलं, संध्याकाळी त्यांच्याशी मला जरा बोलायचं आहे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, काल जेवताना मीच सांगून टाकलं तुमच्या वतीनं, की ह्यांचं चुकलं, पण ह्यांच्या तोंडून ते येणार नाही. विचारलं, मग काय म्हणाले? म्हणाली, दादा म्हणाला, ठाऊक हाय, उगं बोल लावू नकोस त्यांना.