रफूवालीच्या नावे घर

मी, खाली सही करणारी, अविवाहित, पालिका सभागृहाची निवृत्त पियानोवादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, आणि शेजारी कोणीही बसलेलं नसताना लिहीत आहे. शेजारी कोणी नाही, ही गोष्ट वकिलांना फार आवडली. दबाव नसल्याचा पुरावा म्हणाले. मला ती तितकीशी आवडत नाही. नावं, पत्ते त्यांनी जोडपत्रात घातले आहेत. इथे मी माणसांना हाक मारते तसंच लिहिते.

१. घर. वडिलांनी हयातीतच वाटणी केली होती. भावाला दुकान, मला घर. तळमजला, वरच्या दोन खोल्या, जिना आणि मागची टाकी, हे सगळं माझ्या पश्चात वर राहणाऱ्या रफूवालीला, तिच्या एकटीच्या मालकीने मिळावं.

ती सरहद्दीपलीकडून आली आहे. तिने माझी सेवा केली म्हणून मी घर देते, असं कोणी म्हणू नये. सेवाबिवा तिने काही केलेली नाही. ती चिडकी आहे, चहा कडू करते, आणि मी पियानोला बसले की वरून काठीने जमीन ठोकते. पण मी गेले की ती परकी म्हणून तिला बाहेर काढतील, आणि या गल्लीत दुसरं कोणी तिला खोली देणार नाही. मला हे घडायला नको आहे. शिवाय संध्याकाळी डोक्यावर कोणाची तरी पावलं वाजतात, एवढा आधार मला या घरात दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

गल्लीच्या कमिटीचे सेक्रेटरी मध्यंतरी जिन्यात उभे राहून म्हणाले, "बाई, आमचं वैयक्तिक काही नाही. पण तुमच्या पश्चात गल्लीचं कसं व्हायचं?"

"माझ्या पश्चात? मी आहे की अजून!"

"तेच हो. उद्याचं म्हणतोय मी."

वरून रफूवाली ओरडली, "बाई, त्यांना सांगा, उद्या येताना पैसे आणा म्हणावं! त्यांचा कोट झालाय."

सेक्रेटरींनी माझ्या अंत्ययात्रेला हार आणू नये. कोट घालून यायला हरकत नाही.

२. पियानो. तो पुढच्या खोलीतच राहावा. रफूवालीने त्यावर कपडे रचले तरी चालेल.

परदेशातून आलेल्यांना नागरिकत्वाची शपथ सभागृहात देत असत, आणि शेवटी मी राष्ट्रगीत वाजवायची. पियानो भिंतीला लावलेला, त्यामुळे माझी पाठ लोकांकडे. सारी नोकरी मी शपथेच्या वेळी नवे नागरिक फक्त ऐकले. त्या घडीचे त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत. आधी देशाच्या स्थापनेच्या वेळचं एक वाक्य वाचत: 'इथे जन्मलेला आणि इथे येऊन हात वर करणारा, यांच्यात हा देश भेद करणार नाही.' मग गाणं. पहिल्या ओळीला आवाज चाचपडत निघायचा, दुसऱ्या कडव्यापर्यंत छत भरून जायचं.

गाणं नीट यावं म्हणून पुष्कळजण आधी माझ्याकडे सरावाला येत. तेवढ्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडायच्या. शपथ झाली की कोणी पुन्हा फिरकत नसे. साहजिकच आहे, नागरिकांना कसला सराव! आता सभागृहात बटण दाबून गाणं लावतात.

३. चांदीचा कप. स्थापनेचं ते वाक्य आम्हा भावंडांकडून कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने घोटून घेतलं. ती स्वतः समुद्रापलीकडची. मी विचारलं होतं, "सिस्टर, हा तुमचा देश नाही ना?" ती म्हणाली, "नाही गं. पण वाक्य किती छान आहे! तुम्हाला कोणीतरी शिकवायला नको?" भावाने ते असं खणखणीत म्हटलं की वक्तृत्वाचा कप त्याला मिळाला. तो आजवर माझ्या कपाटावर राहिला. तो मी आज त्याच्या हातात दिला आहे. कारण पुढे येतं.

४. धाकटा भाऊ. दर रविवारी यायचा. घराचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "ताई, ती परकी आहे."

"हात वर करून आली आहे ती. मीच वाजवत होते तेव्हा."

"म्हणून घर द्यायचं? तुला वेड लागलंय का?"

"ते वाक्य आठवतं ना तुला?"

"अगं, ते भाषणाला ठीक असतं."

त्यानंतर रविवारी तो यायचा बंद झाला. मी चहाचे दोन कप मांडत राहिले; हात ऐकत नाही.

रफूवालीला सांगितलं तर ती त्याच्याहून जास्त भडकली. "नको मला! लोक म्हणतील, म्हातारीला गुंडाळलं. तुम्ही सुटाल हो, कोर्टात मी उभी राहीन."

तिचं खरं होतं. म्हणून वकिलांना विचारलं, कोणाची सही असली तर कोणी तोंड उघडणार नाही? ते म्हणाले, "ज्याचं नुकसान होतंय त्याची. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही." तेव्हा माझ्या भावा, या कागदात तुझ्यासाठी एक चमचाही ठेवलेला नाही; कपसुद्धा म्हणूनच आधी हातात दिला. तुला विसरले म्हणून नव्हे. तू एकटाच उरला आहेस, ज्याच्या सहीने तिचं छप्पर टिकेल.

५. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी व्हावा, उरेल त्यातून गळकं छप्पर.

इथवर एकटीने लिहून मी भावाला निरोप धाडला; तो आत्ता समोर बसून हे वाचतो आहे. चहा निवला. तो सही न करता उठला, तर त्याच्यावर कोणी रागावू नये. मीही नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. (सही) वाचलं. मला पटलेलं नाही. ताईने पूर्ण शुद्धीत, माझ्या डोळ्यांसमोर सही केली. कोणीही तिला गुंडाळलेलं नाही.

स्थळ: पुढची खोली. दिनांक: जोडपत्रात आहे तोच, वार रविवार.