पहिलं बोट

प्रिय चिहारु,

तुझं पत्र मिळून दोन महिने होऊन गेले. उत्तराला उशीर झाला त्यात पोस्टाची काही चूक नाही, चूक माझीच. चार वेळा कागद घेऊन बसले आणि चार वेळा तो तसाच ठेवून दिला. आता म्वेरा वारा सुटलाय. तळं खवळलंय, नावा वाळूवर ओढून ठेवल्यात, मासळी नाही म्हणून वाळवणाचे मांडव रिकामे पडलेत. घरात मी एकटीच आहे. एका माणसापुरती मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायची हाताला सवय नाही. रोज उरते आणि रोज शेजारच्या कोंबड्यांना जाते. तू चिचेवा विसरली नाहीस ना? मी सोपंच लिहिते. अडलं तर दोनदा वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

तू विचारलंस, गाव कसं आहे. गाव बरं आहे. आरोग्य केंद्राला पत्र्याचं छप्पर आलं, तपासणीसाठी आता वेगळी खोली आहे, आणि गोळी आता दिवसाला एकच घ्यायची असते, ती आणायला मात्र अजून मोठ्या केंद्रावरच जावं लागतं. नासिलिना आजी अजून आहे. दात सगळे गेले, जीभ मात्र जशीच्या तशी. तुझा विषय निघाला की तिला ते मक्याचं कणीस आठवतंच. तू कणसावर निरोध चढवून दाखवत होतीस, तुझी मान खाली, कान लालभडक, आणि आजी मागून ओरडली, "अगं पोरी, देवाने कणसाला साल दिली ती सोलायलाच ना? तू आणखी चढवतेस काय!" बायका लोळून हसल्या. तू मला विचारलंस, काय म्हणाली? मी सांगितलं, आजी म्हणते फार उपयोगी माहिती आहे. तसं मी तुला बरंच काही चुकीचं सांगितलं, चिहारु. ते एक हसण्यावारी गेलं.

तू आलीस तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. गावात इंग्रजी येणाऱ्या बायका दोनच. त्यातली मुखियाची सून बाळंतीण, म्हणून दुभाषीपण माझ्याकडे आलं. तुमच्या जिभेला ल जमत नाही आणि आमच्या जिभेला र. तू मला लेफिनाची रेफिना केलंस, आम्ही तुला चिहालू. पहिल्या आठवड्यात तू मांडवावरची वाळलेली उसिपा उचललीस, डोक्यासकट चावून खाल्लीस आणि रडायला लागलीस. आम्हाला वाटलं काटा लागला. तू म्हणालीस, माझ्या गावी अशीच मासळी वाळवतात, असाच वास येतो. त्या दिवशी मला वाटलं, ही टिकेल. एवढ्या लांबून, तिकडच्या नोकरीवर पाणी सोडून, परक्यांच्या आजारासाठी आलेली पोरगी काय करणार असं आधी वाटत होतं. पण संध्याकाळी तुझ्या खोलीच्या पायरीवर तू एकटी बसलेली दिसायचीस तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून यायचे. तुला वाटायचं, तुला सोबत म्हणून येते. खरं तर माझ्या घरात मला बसवत नसे.

नवरा छातीच्या आजाराने गेला असं मी तुला सांगितलं होतं. माझा लहानगा दीड वर्षांचा होऊन तापाने गेला, तेही सांगितलं होतं. तू माझा हात धरलास आणि पुढे काही विचारलं नाहीस.

तो तपासणीचा दिवस आठव. आंब्याखाली कापडाचा आडोसा, आत मोठ्या इस्पितळातून आलेला कालुवा, बाहेर साठ-सत्तर बायका, आणि एकही उठेना. तू मला हळूच म्हणालीस, "रेफिना, तू पहिली जाशील का? तू गेलीस तर जातील." मी गेले. कालुवाने बोट टोचलं आणि आम्ही वाट बघत बसलो. आडोशापलीकडे तू बायकांना तुझं ते मोडकंतोडकं गाणं शिकवत होतीस. मग त्याने पट्टी माझ्यापुढे ठेवली. दोन रेघा. एकच असती तर सुटले असते. तो चांगला माणूस, हळू आवाजात बोलत होता, काय करायचं, कुठे यायचं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, बाहेर सगळ्या थांबल्यात." तो म्हणाला, "कुणाला काही सांगायची सक्ती नाही, ताई." मी आडोशातून बाहेर आले. बायकांचं गाणं थांबलं. मी बोट वर करून दाखवलं आणि हसून म्हटलं, "बघा, मेले का? काही नाही निघालं!" तू टाळ्या वाजवल्यास. त्या दिवशी त्रेचाळीस बायकांनी तपासून घेतलं.

माझ्यामागोमाग एस्तेरे गेली. माझ्या शेजारची, माझ्याच मांडवावर मासळी घालणारी, नवरा उसाच्या मळ्यावर आणि वर्षातून दोनदा घरी येणारा. ती बाहेर आली आणि मी उभी होते तिथेच उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "मला निघालं." बाहेर येऊन सांगायचंच असतं असं तिला वाटलं. कारण मी सांगितलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. तिची मासळी कुणी घेईना. विहिरीवर बायका ती बादली भरून निघेपर्यंत लांब थांबायच्या. तू चिडून त्यांना बोललीस, आणि तुझं ते सगळं बोलणं मी जोरजोराने चिचेवात सांगितलं, एक शब्द न गाळता. शरम वाटत नाही का तुम्हाला, आज ती आहे, उद्या तुम्ही असाल. माझा आवाज जराही कापला नाही. त्या संध्याकाळी एस्तेरे चूल फुंकता फुंकता मला म्हणाली, "ताई, सुटलेल्याला धीर द्यायला काय जातंय?" मी म्हटलं, "असं बोलू नये गं." आणि घरी आले.

दुसऱ्या वर्षी माझं वजन उतरलं, मग कमरेला नागीण उठली. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, न्सिमाचं गरम पाणी सांडलं. आजारी बहिणीला भेटायला म्हणून दर महिन्याला जायचे, ते गोळ्या आणायला, न्खोटाकोटा गावाच्याही पुढे, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. बहीण तर कधीच लग्न होऊन मोझांबिकला गेलेली. तू तिच्यासाठी तुझ्या आईने पाठवलेल्या तांदळाच्या चकत्या द्यायचीस. इस्पितळाच्या रांगेत बसून त्या मी खाल्ल्या. एस्तेरे जवळच्या मोठ्या केंद्रावर जायची, महिन्यातल्या एका गुरुवारी, भाड्याच्या सायकलच्या मागे बसून, एकटी. आम्हा दोघींना एकाच दिवशी, एकाच रस्त्याने जाता आलं असतं.

तू परत गेल्यावर चार महिन्यांत तिने गोळ्या सोडल्या. मी तुला लिहिलं होतं की तिला मलेरिया झाला. मलेरियाही झाला होता, पण त्याआधी तिने जाणंच थांबवलं होतं. म्हणायची, "रांगेत बसले की सगळा रस्ता बघतो. कंटाळा आला, ताई, एकटीनंच सगळ्यांच्या नजरा झेलायचा." मी रोज समजावलं. किती चांगलं समजावता येतं मला, तुला ठाऊकच आहे, तूच शिकवलंस. शेवटच्या आठवड्यात मी तिचे पाय चोळत होते तर तिने डोळे उघडले आणि विचारलं, "ताई, तुला मला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "दे."

तिची मुलगी तियोंगे बारा वर्षांची होती, ती माझ्याकडे आली. तिचं सगळं तुला ती स्वतःच लिहीत आलीय. तुझी पत्रं तिने सगळी जपून ठेवली होती. शाळा झाली, मग केंद्रावर स्वयंसेविका झाली, तुझ्यासारखीच, म्हणायची. तिचं रक्त चांगलं आहे, देवाची दया. मला मावशी म्हणायची. सात वर्षं मी गोळ्या मिठाच्या डब्यात तळाशी ठेवल्या आणि सकाळी ती विहिरीवर गेली की घेतल्या.

एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आंब्याखाली सभा होती. या वेळी बोलणारी तियोंगे. किती छान बोलते, चिहारु! हात हलवते तेसुद्धा तुझ्यासारखे. तिने तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं, की तुझ्या गावच्या शाळांत तू मुलांना माझी गोष्ट सांगतेस, पहिलं बोट पुढे करणाऱ्या बाईची, आणि माझा फोटो दाखवतेस. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघा, ही माझी मावशी. ती घाबरली नाही, तुम्ही का घाबरता?" पुढच्या ओळीत एक पोटुशी पोरगी होती, बाहेरगावाहून लग्न होऊन आलेली. ती आपल्याशीच बोलावं तशी बोलली, "त्यांना काय, त्या सुटलेल्या."

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं, मी सुटलेली नाही. त्या दिवशी मला दोन रेघा आल्या होत्या. मी खोटं बोलले. गोळ्या घेते म्हणून उभी आहे." एवढंच.

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. काही झालं नाही. दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. ती पोटुशी पोरगी उठली आणि तपासणीच्या खोलीकडे गेली, तिच्यामागून आणखी काही गेल्या. आणि नासिलिना आजी काठी टेकत जवळ आली, म्हणाली, "बस खाली, पाय दुखतील. यात नवीन ते काय सांगितलंस? दर महिन्याला नेमक्या दिवशी कुणाची बहीण आजारी पडते गं? आम्हाला डोळे नव्हते होय?" मी विचारलं, "सगळ्यांना ठाऊक होतं?" ती म्हणाली, "ज्याला बघायचं होतं त्याला." मग मी विचारलं, "एस्तेरेला?" एवढी बोलकी म्हातारी, पण काही बोलली नाही. काठी उचलून चालू लागली.

तियोंगेने सभा नीट संपवली. घरी आल्यावर तिने फक्त एक विचारलं, "माझ्या आईला माहीत होतं?" आजीचं ते न बोलणं माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी तोंडातून निघून गेलं, "नाही." सवय, दुसरं काय. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे अजूनही खोटंच." मग म्हणाली, "मावशी, तुम्ही आजारी आहात म्हणून मी रागावले नाही. माझी आई त्या सायकलवर एकटी जायची आणि तुम्ही तिला हात करायचात. मी तुमच्याच शेजारी उभी असायचे." आयुष्यात पहिल्यांदा तिने मला तुम्ही म्हटलं. दुसऱ्या सकाळी ती लिलोंग्वेला गेली, तिथल्या एका केंद्रात काम मिळालंय असं केंद्रावरच्या बाईंकडून कळलं. दोन निरोप पाठवले, उत्तर नाही. ती पोटुशी पोरगी, दालिया तिचं नाव, तिला दोन रेघा आल्या. आता दर महिन्याला आम्ही दोघी सायकली करून एकदमच जातो. रस्ताभर ती बोलत असते. माझं लक्ष नसतं.

पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. माफी मागायला नाही. जिची मागायची ती नाही. तियोंगे जाताना तुझा पत्ता घेऊन गेलीय. ती तुला लिहीलच, कदाचित लिहिलंही असेल, आणि विचारील की तुला माहीत होतं का. मला खरंच ठाऊक नाही, चिहारु. एवढी वर्षं मी स्वतःलाही ते विचारलं नाही. नसेल माहीत तर तसं सांग. माहीत असेल आणि माझ्यासाठी गप्प बसली असशील, तर तेही सांग, ती तुझ्यावर रागावली तरी चालेल. पण माझी बाजू घेऊ नकोस. लेफिना तेव्हा घाबरली होती, तिचा काही इलाज नव्हता, असलं काही लिहू नकोस. तुझं मन मऊ आहे, तू लिहिशील, म्हणून आधीच सांगते. मी मेल्यावर नाही, जिवंत असताना त्या पोरीला कुणीतरी एक मोठं माणूस हवं जे तिच्याशी खोटं बोललेलं नाही. ते आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यासाठी मला पत्रं लिहिणं बंद करावं लागलं तर कर. मी समजून घेईन. तिला मात्र लिहीत राहा.

तुझीच,
लेफिना