सहावं कुळ

रवि. १२ जाने.
निखिलच्या गच्चीवरच्या खोलीत अकरा ते तीन. नेहमीचे चौघं. आज खेळ नाही, खेळाच्या पुस्तिकेचं काम. निखिलने पात्रं घेऊन गोष्ट खेळायला स्वतःचा काल्पनिक मुलूख रचलाय, सगळा मराठीतून. २६ला अकोल्यात नवीन पोरांना शिकवायचा. प्रत्येकाने आधी आपलं पात्र बनवायचं: नाव, कुळ, गुण. कुळ फाशावर ठरतं. फाशाला बाजू सहा, कुळं झाली पाच. गढीवाले, डोंगरे, खाणकरी, नदीकाठचे, यक्ष.
अंकुश म्हणाला, "सहा पडले तं पुन्हा टाकू."
निखिल : "पुन्हा-फिन्हा नाही. मास्तर, तू सांग सहावं."
मास्तर म्हणजे मी. ऱ्हस्व-दीर्घ मी पाहतो म्हणून. बारावीला दोनदा राहिलो तेही त्यांना माहीत आहे.
बोलून गेलो. म्हटलं, पालं ठोकत फिरणारे लोक घ्या. पुढे गेलेले मागच्यांसाठी फाट्यावर खूण ठेवतात. दगडाखाली कडुनिंबाची डहाळी, देठ जायच्या वाटेकडे. कोणी मागे राहू नये म्हणून.
"भारी! कुठं वाचलं बे?"
"असंच. कुठेतरी."
कुठेच वाचलं नाही. आजीने दाखवलं होतं, आईच्या आईने. मी सात वर्षांचा असेन.
घरी येताना बरं वाटत होतं.

गुरु. १६ जाने.
नांदगाव पेठ, कारखान्यात जेवणाची सुट्टी. सकाळपासून कापडाची थानं तपासून डोळे चुरचुरतात. चूक दिसली की काठाला लाल दोरा बांधायचा, पुढे ढकलायचं.
निखिलचा मजकूर आला. जसाच्या तसा :
"६. पालवाले. चोरी +३, लपने +२, विश्वास −३. चोरी यांच्या रक्तात असते. लहानपणापासून दुसऱ्या कुळात वाढवले तरी जात नाही. ज्या घरी चोरी करायची त्या घरापुढे खूण ठेवतात. (चित्र : मास्तर)"
तीन वेळा वाचलं. डबा अर्धा तसाच.
फोन केला. म्हटलं, दोन रकाने करू या का? कुळ म्हणजे कोणाच्या पोटी आला. वळण म्हणजे कुठे वाढला, काय शिकला. चोरी दुसऱ्या रकान्यात टाक, मग ती कोणीही शिकू शकतो. गढीवालासुद्धा.
"मास्तर, खेळ हाय हा. दोन रकाने पाहून नवीन पोरं पळतीन."
मागून अंकुश : "सगळ्यात भारी गुण त्याइलेच देल्ले ना बे! काहून रडून राहिला?"
मी हसलो. का हसलो

शनि. १८ जाने.
पुस्तिका सुवाच्य लिहून दिली, निखिल झेरॉक्स काढणार. खूण मीच काढली, दुसऱ्या कोणाला येत नव्हती. "लपने"चं "लपणे" केलं. बाकी काही बदललं नाही.

सोम. २० जाने.
मामाला काल पहाटे उचललं. अकोल्याजवळ कोणाच्या तरी मळ्यातून पाण्याची मोटर गेली. पोलिसांची गाडी सरळ मामाच्या वस्तीवर आली. मोटर असो, मंगळसूत्र असो, पहिली गाडी तिथेच येते. आईकडच्या जमातीचं नाव मी या वहीतही लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.
आडनाव बाबांचं आहे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आडनाव अजून राखण करतं.
आई : "कारखान्यात सांगू नको. अन् तुह्या त्या दोस्ताइले बी नको."

बुध. २२ जाने.
मामाला सोडलं. मोटर मळेवाल्याच्या साळ्याकडे सापडली. मामाला चालता येत नाही.
आई म्हणाली, रविवारी जातोच आहेस अकोल्याला, तर डबा नेऊन दे.

रवि. २६ जाने.
बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर. परतीच्या गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय.
एका शिकवणीच्या वर्गात जमलो. आधी झेंडा, मग जिलबी, मग खेळ. वीसेक पोरं-पोरी. चार टेबलं, एक माझं.
चष्मेवाल्या एका पोराला सहा पडले. तो उडालाच. "पालवाला! आता सगळ्याइचे खिसे कापतो!" मग नाकात बोलायला लागला, हात जोडून, "मायबाप, म्या काई नाई केलं." सगळे हसले. पोरगा चांगला होता, जिलबी आधी मला दिली होती त्याने.
गोष्टीत गढीतला हार चोरीला जातो. कोतवालाची वाक्यं टेबल चालवणाऱ्याने म्हणायची असतात, म्हणजे मी. पुस्तिकेत लिहिलंय : कोतवाल प्रथम पालवाल्यास पकडतो.
म्हटलं, "याले घ्या आत."
"पुरावा काय?" पोराने खेळातच विचारलं.
पुस्तिकेत उत्तर नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "तुहं कुळ."
टाळ्या पडल्या. निखिल पलीकडच्या टेबलावरून अंगठा दाखवून गेला.
मामाचं उद्या लिहितो.

सोम. २७ जाने.
पाळीला जाण्याआधी.
मामा खाटेवर होता, पाय घमेल्यात, मिठाच्या गरम पाण्यात. तळवे पाहिले. नंतर घमेल्याकडे पाहिलं नाही.
"या भाचेबुवा! पाहुणचाराले उभं नाही राहता येत, माफी द्या."
आपसात ते त्यांच्या भाषेत बोलतात. मला ती येत नाही, म्हणून माझ्याशी वऱ्हाडीतून.
डबा उघडला. अकोल्याला कशाला आलास, विचारलं. खेळ सांगितला. मामा खूश. "असं? माणूस आपलं कुळ नवं घेऊ शकते? मंग मले बी बनव एखांदा. कोनकोनते हायेत?"
वाचून दाखवले. गढीवाले, डोंगरे, खाणकरी, नदीकाठचे, यक्ष. थांबलो.
मामा बोटं मोजत होता. "फासा सहाचा म्हन्तं. हे तं पाचच झाले."
"सहावं अजून ठरलं नाही, मामा."
मामाला वाचता येत नाही. पण पुस्तिका हातात घेऊन पानं उलटली आणि चित्रावर आला. अंगठा ठेवला.
"हे तुह्या आजीचं."
"हो."
"तू काढलं?"
"हो, मामा."
"उलटं काढलं. शेंडा वाटेकडं पाह्यजे, देठ आपल्याकडं. असं ठेवशीन तं मागून येनारा वापस जाईन." हसला. पाय हलला तसा कळवळला. "पन ध्यानात ठेवलं तुनं. पुस्तकात आलं आपलं."
चित्राखालच्या ओळी त्याच्या अंगठ्याच्या खालीच होत्या.
म्हणाला, "राहू दे हे माह्याजवळ."
मी म्हटलं, एकच प्रत आहे. पिशवीत सात होत्या.

शुक्र. ३१ जाने.
अकोल्याचं गाजलं म्हणे. निखिल आता पुस्तिका छापून घेणार, नागपूरसाठी. "मास्तर, चुका असतीन तं रविवारपर्यंत सांग. मंग हात लागनार नाही."
दुपारी लिहून पाठवलं : सहाव्या कुळात चूक आहे.
लगेच उत्तर : कोणती?
कोणती ते सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे. "तुले कसं माहीत?" त्यानंतर गच्चीवर माझ्याशी कोण कसं बोलेल, किंवा काहीच बदलणार नाही आणि अंकुश एखादा विनोद करेल. या दुसऱ्याचीच भीती जास्त

रवि. २ फेब्रु.
गच्चीवर गेलो नाही. अंग दुखतंय असं कळवलं.
सकाळी नवीन कागदावर चित्र काढलं. शेंडा वाटेकडे, देठ आपल्याकडे. आईला दाखवलं. तिने कागदाचा कोपरा सरळ केला.
खाली चार ओळींची जागा सोडली आहे.
अकरा वाजता मामाचा फोन. पाय बरे आहेत, भिंत धरून चालतो. मग म्हणाला, "ते पुस्तक पुढच्या टायमाले घेऊनच ये. माह्या पोरीले, सोनीले सांगतलं, आपली खूण छापली म्हून. मले नाही येत, पन ते पाचवीत हाय, सारं वाचते. वाचून दाखवते म्हन्ते मले."
आणतो म्हटलं.
निखिलचं "कोणती?" तसंच पडलंय. संध्याकाळी पाचला तो छापखान्यात जाणार. आता सव्वाबारा.