गाईड निवडीची चेकशीट

४ ऑगस्ट, सायं. ७.४२
पार्ट-टाइम डिग्रीचं शेवटचं वर्ष. वय एकोणपन्नास वर्षं तीन महिने. आज नोटीस लागली: रिसर्च प्रोजेक्ट हवा असेल तर गाईड म्हणून एका प्राध्यापकाची सही आणा. मुदत २२ ऑगस्ट, सायंकाळी पाच. पोरं सरांच्या मागे धावत सुटली. मी धावणार नाही. चाकणच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पोलादी साचा, का तडकते, याच्या बावीस वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे, सगळ्या स्वतः शिकून केलेल्या. गाईडची सही झाली तर रिसर्च. नाही तर नुसत्या वह्या.

६ ऑगस्ट
कंपनी नवा सप्लायर घेताना आधी त्याचं ऑडिट करते. इथेही तेच करणार. चेकशीट तयार. ४० मुद्दे, १०० गुण, पास ७० ला. विजयश्री म्हणाली, अहो, शिकायला जाताय की झडती घ्यायला? तिला सिस्टिम कळत नाही.

११ ऑगस्ट
निरंजन सर: ४१. मोजमापाचं व्हर्नियर टेबलावर उघडं, वर चहाचा डाग. मी दाखवून दिला. त्यांना आवडलं नाही. उद्धवराव सर: ३८. मायक्रॉनला ‘केसाएवढं’ म्हणाले; केस सत्तर मायक्रॉनचा असतो. दोघेही नापास.

१४ ऑगस्ट
रश्मी मॅडम: ७२. पास! त्यांनी वह्या पाहायला मागितल्या. मी म्हटलं, आधी प्रोसेस पूर्ण होऊ द्या. बाहेर वर्गातली दिपाली घुटमळत होती. काका, मॅडम मला घेतील का हो? मी म्हटलं, जा, विचार. या पिढीत आत्मविश्वास नाही.

१६ ऑगस्ट
मॅडमना निकाल मेल केला. सात पानं. पास, पण तीन त्रुटी. उत्तर पाच दिवसांत अपेक्षित.

१९ ऑगस्ट
उत्तर नाही. दुरुस्त्या चालू असणार.

२१ ऑगस्ट, सायं. ६.१०
मॅडमनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला, वह्या पिशवीत घेतल्या.
“भाऊ, तिन्ही त्रुटी खऱ्या आहेत. पण माझ्याकडे जागा एकच होती. दिपाली आली आणि म्हणाली, मॅडम, मला घ्या. तुमच्या सात पानांत हे कुठेच नाही.”
मी म्हटलं, ते गृहीत आहे.
“कुठल्या पानावर?”
तिथेच उभ्या उभ्या सातही पानं तपासली. दोनदा.

२२ ऑगस्ट, सायं. ५.२०
हार मानलेली नाही. निरंजन सरांकडे एक जागा उरली होती. कासारवाडीपासून बसमध्ये मनातल्या मनात घोकत आलो: सर, मला घ्या. तीनच शब्द. ४.४८ ला त्यांच्या केबिनमध्ये उभा. सर म्हणाले, बोला. मी म्हणालो, सर, तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. त्यांनी आभार मानले. मी बाहेर आलो.
ऑफिस पाचला बंद झालं. माझ्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे बरोबर पाचला.