सात नंबर घ्यायला गेलो होतो

उंब्रज,
भाऊबीज होऊन तिसरा दिवस

तीर्थरूप दाजींस,

नानासोचा लांबूनच नमस्कार (लांबून का, ते पुढं कळेल). तुमचा गुडघा त्या बर्फात काय म्हणतो? आक्कानं पाठवलेलं तेल पोचलं का, की पलटणीनं त्यात भजी तळली? इकडची खुशाली म्हणाल तर माणसं सगळी जागेवर आहेत, कुंपणं तेवढी नाहीत. आक्काची तब्येत उत्तम. रागावलेल्या माणसाला अन्न चांगलं पचतं असं दिसतं. ती दिवाळीला माहेरी म्हणून साताऱ्याहून आली ती अजून इथंच आहे, पण माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला ओवाळलं तेही तोंड गोठ्याकडं करून, त्यामुळं कुंकू माझ्या कानाला लागलं. तुमची राजेश्वरी मजेत आहे, अभ्यास करते (हे वाक्य तिनं घालायला सांगितलं). गेल्या वर्षी मोडलेलं गळ्याजवळचं हाड पूर्ण जुळलंय, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय.

तुमच्या ठाण्यावर फोन लागत नाही हे एका परीनं बरंच आहे. फोनवर तुम्ही मधेच “थांबा” म्हणता आणि मी थांबतो, मग मुद्दा राहून जातो. पत्राला तुम्हाला थांबवता येत नाही. तर मुद्दा असा, की राजीसाठी घोडा घेतला. तुम्ही मागच्या पत्रात तीन अटी घातल्या होत्या, खाली लाल शाईनं रेघ मारून. घोडाच हवा, घोडी नको. सात वर्षांच्या वरचा हवा, कोवळा नको. आणि स्वभावानं थंड हवा, इतका की पाठीवर फटाका वाजला तरी त्यानं फक्त मान वळवून बघावं. तसा मिळाला तर ठीक, नाहीतर राजीचं घोड्यावर बसणं कायमचं बंद, असं तुम्ही लिहिलं होतं. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि खिशात घालूनच लिलावाला गेलो. एवढं करूनही तुमच्या तीन अटींपैकी मोडायची अशी एकही राहिली नाही. चार वर्षांची घोडी आहे, आणि थंड म्हणाल तर तिच्या अंगावर ओतलेलं पाणी तेवढं थंड असतं.

हे कसं झालं ते आता सांगतो, आणि दाजी, हे सगळं माझ्यामुळं झालं, हे आधीच ध्यानात ठेवून वाचा. राजीचा यात काडीचा संबंध नाही. क्लबातला म्हातारा घोडा, ज्याच्यावर ती उड्या मारायला शिकली, तो गुडघ्यानं गेला (तुमची आठवण झाली) आणि डिसेंबरच्या अकरा तारखेला पुण्यात उड्यांच्या स्पर्धेची निवड चाचणी. स्वतःचा घोडा नसेल तर अर्जच घेत नाहीत. तेवढ्यात कळलं, की वाईच्या रस्त्याला एका बड्या शेटजींचा उड्यांच्या घोड्यांचा फार्म आहे, त्यांची कोवळी जनावरं दिवाळीच्या आधीच्या रविवारी लिलावात निघणार. यादी आली. त्यात सात नंबरला तुमच्या अटींतून काढल्यासारखा घोडा: आठ वर्षांचा, तपकिरी, फोटोतसुद्धा झोपलेला. कोवळ्या जनावरांत हा एकच पोक्त, बहुतेक बाकीच्यांवर लक्ष ठेवायला. मी म्हटलं, झालं काम.

पारखायला म्हणून म्हसवडहून कोंडीबाला बोलावून घेतलं. तुम्ही त्याला ओळखत नाही. सत्तरी ओलांडलेला घोड्यांचा दलाल, यात्रेत पन्नास वर्षं जनावरं हातावेगळी केलेला माणूस. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून तो मालकाचं भविष्य सांगतो (माझं सांगायला नकार दिला). मी स्वतः ब्लेझर घातला, वर तिन्ही मेडलं लावली. इथंच घात झाला. कारण त्या लिलावात बाकी मंडळी गॉगल आणि अर्ध्या चड्डीत, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर बसलेली, आणि मधे मी मेडलं वाजवत उभा. लिलाव चालवणाऱ्या एक टोपीवाल्या बाई येऊन अदबीनं विचारायला लागल्या, की आपण सैन्यात घोड्यांबरोबर होता का. मी म्हणालो, सतरा वर्षं. (खेचरांबरोबर होतो. पण खेचराची आई घोडीच असते, तेव्हा आजोळच्या बाजूनं मी खोटं बोललो नाही.)

आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. बाजारात जे जनावर घ्यायचं त्याला चारचौघांत नावं ठेवायची आणि जे नको त्याची तोंड भरून तारीफ करायची. विकणाराही त्यात वाईट वाटून घेत नाही. उलट कुणी नावं ठेवली नाहीत तर त्याला वाटतं, आपल्या बैलाला गिऱ्हाईकच नाही. त्या रीतीनं मी सात नंबरापाशी गेलो आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. मागच्या डाव्या पायानं ओढतोय, श्वास आखूड आहे, आणि डोळ्याखाली हा भोवरा, म्हणजे आसूढाळ, मालकाला रडवणारा. कोंडीबानं मागून “आरं रं रं” असा सूर लावला. आम्हाला वाटलं, आता भाव निम्म्यावर येणार. पण त्या लोकांना ही रीत ठाऊकच नाही. टोपीवाल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं, फार्मच्या डॉक्टरला बोलावलं, आणि पाच मिनिटांत माइकवरून सांगितलं, की एका ज्येष्ठ लष्करी तज्ज्ञांनी शंका काढल्यामुळं सात नंबर तपासणीसाठी लिलावातून काढण्यात येत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात जोडून त्या स्वीकारल्या, दुसरं काय करणार.

मला तरी वाटलं, तपासून शेवटी परत आणतील. तोवर बड्या लोकांची नजर दुसरीकडं गुंतवावी म्हणून मी अकरा नंबराची तारीफ सुरू केली. अकरा नंबर म्हणजे काळी घोडी, कपाळावर चांदणी, तिला आणणारे दोघं आणि तिघांच्या पायाला पट्ट्या. (तिसरा आधी आणत होता.) तिच्या जवळ कुणी खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. मी म्हणालो, हिच्या गळ्यावर देवमण आहे, म्हणजे भोवऱ्यांतला सगळ्यात शुभ भोवरा, ही ज्याच्या दारी जाईल त्याची सात पिढ्यांची ददात मिटेल. हे मी नुसतं ठोकून दिलं होतं. कोंडीबानं जाऊन बघितलं तर देवमण खरोखर होता. म्हातारा परत आला तो तिला हात जोडूनच. मग मला म्हणाला, “नाना, ही इकाय न्हाई आली. ही मानसं पारखाय आलीया.” राजी तिथं कठड्याला टेकून उभी होती. घोडीनं दोन माणसांना ओढत नेलं आणि राजीच्या वेणीचा वास घेतला. हे मी सहज लिहिलं, याला काही महत्त्व देऊ नका.

बोली सुरू झाली. कोंडीबाला उघड्यावर भाव बोलणं म्हणजे उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटतं. त्यानं बाजारातल्यासारखा टॉवेल काढला, माझा डावा हात त्याखाली ओढून घेतला आणि कुठवर जायचं ते माझी बोटं दाबून सांगायला लागला. (खुर्च्यांवरच्या बायका दुसरीकडं बघायला लागल्या.) माझ्या उजव्या हातात फुकटची कॉफी, बशीसकट, उकळती, आणि खाली ठेवायला नुसतं हिरवं गवत, ज्यावर पाय द्यायलाही माणूस कचरावा. सातवरची नजर हटावी म्हणून अकराला एखादी बोली लावू, वर कुणीतरी चढवेलच, असा माझा डाव होता. तेव्हा मी बोलीसाठी मिळालेली आमची तेवीस नंबरची पाटी वर केली. कुणी चढवलं नाही. मी मघाशी एवढी तारीफ करूनसुद्धा एक माणूस हलला नाही. हातोडा पडला आणि घोडी आपली झाली. तुम्ही पाठवलेल्यात भागलं, वर खोगीरही बसलं, तेव्हा पैशाची चिंता नको.

तिला गाडीत चढवायचा कार्यक्रम झाला तो सगळा लिहीत नाही. फार्मची चार माणसं, मी आणि कोंडीबा, सहा जणांनी दीड तास जंग जंग पछाडलं. खेचरांवर सतरा वर्षं चाललेल्या माझ्या सगळ्या युक्त्या तिनं एकेक करून ऐकून घेतल्या आणि लाथ मारून नापास केल्या. शेवटी राजी म्हणाली, “मामा, तुमी जरा गप बसता का?” आणि नुसती पुढं चालायला लागली, तर ही मागोमाग फळीवरून आत. दार लावताना मला राजीचं तोंड दिसलं. दाजी, गेल्या वर्षी घोड्यावरून पडल्यापासून पोर हसत होती, पण ते आपल्यासाठी. त्या दिवशी कुणी बघत नाही असं समजून हसत होती.

घरी आल्यावर मात्र गोंधळ उडाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी आपल्या पाणीपुरवठा संस्थेची सभा होती. तुम्हाला त्या सभा माहीत आहेत. तीन तास चेअरमनला शिव्या देऊन चहा पिऊन उठायचं. त्या दिवशी पाळीच्या पाण्यावरून खुर्ची डोक्यावर घ्यायची वेळ आली असताना ही बया माझ्या गोठ्याचं फाटक ओलांडून, उसाच्या ट्रॉलीचा दांडा ओलांडून, सभेच्या आवाराची भिंत ओलांडून थेट मधोमध उतरली. टेबलाला धक्का नाही, कुणाच्या टोपीला धक्का नाही. सभेत जे शांत वातावरण पसरलं ते संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा. उरलेले नऊ ठराव दोन मिनिटांत एकमतानं मंजूर झाले, आणि पुढच्या सभेला घोडीला निमंत्रण द्यावं असा दहावा. कोंडीबानं काठीनं भिंत मोजली. साडेचार फूट, आणि वर वीतभर जागा शिल्लक ठेवून गेली होती.

आक्का तेव्हापासून बोलत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पुन्हा तो दवाखाना, पुन्हा तो गळ्यात बांधलेला हात पाहायचा नाही. ती चुकीची नाही. मलाही भीती वाटते, खोटं कशाला लिहू. गेल्या वर्षी राजी पडली तेव्हा कठड्याशी मीच उभा होतो आणि तो हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. पण रोज सकाळी ती घोडीला फिरवते तेव्हा मी बांधावर बसतो आणि भ्यायचं विसरून जातो. हे मी आक्काला सांगितलेलं नाही.

तर चूक सगळी माझी. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, पाहिजे तर पत्रानं शिव्या पाठवा, मी जपून ठेवीन. राजीला एक शब्द बोलू नका. ती बिचारी सात नंबरच घ्या म्हणत होती. सुट्टीची घाई करू नका, देशाकडं लक्ष द्या.

आपला (अजून तरी) मेहुणा,
नानासो

ता. क. सोबत चाचणीचा अर्ज जोडला आहे. पालकाची सही लागते. कुठं करायची तिथं मी पेन्सिलीनं फुली मारली आहे. अर्ज डिसेंबरच्या पाच तारखेपर्यंत पोचायला हवा. न वाचता केली तरी चालेल.

ता. क. दुसरा. आक्काला फोन लागेल तेव्हा, ही घोडी घ्या असं तुम्हीच कळवलं होतं, एवढं म्हणाल का? भाऊबीज वर्षातून एकदाच येते आणि माझा कान एकच उजवा आहे.

ता. क. तिसरा. आज टोपीवाल्या बाईंचा फोन आला होता. सात नंबराच्या मागच्या डाव्या पायाच्या सांध्यात खरोखरच जुना दोष निघाला. उडीच्या वेळी तो कधीही बसला असता. मी जे खोटं म्हणून ओरडलो ते खरं निघालं. त्यांनी पुढच्या लिलावाला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलंय, येण्याजाण्याचा खर्च देणार आहेत.

बाबा, मी राजेश्वरी. मामांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. त्यांचा एक हात टॉवेलखाली होता आणि दुसऱ्यात कॉफी होती, हे त्यांनीच लिहिलंय. मग पाटी कुणी वर केली, हे तुमच्या लक्षात येईलच. मी केली. आणि चढवलं नाही कुणी, हेही खरं नाही. चार वेळा चढवलं, मी पाचव्यांदा पाटी वर केली. मामांना कॉफी सांडल्यावर कळलं. सात नंबर घ्या असं मी कधीच म्हणाले नव्हते. तेव्हा शिव्या मला पाठवा. मी पडले ते तुम्हाला तिघाचौघांनी सांगितलं, पण मला घोड्यावर बसलेलं तुम्ही एकदाही बघितलेलं नाही. म्हणून अर्ज मी पाकिटातून काढून घेतलाय. तो इथं माझ्याकडं आहे. पाच तारखेच्या आत या, घोडी बघा, आणि मग सही करायची की नाही ते ठरवा.