लिफ्टशेजारची पाटी

पुणे, डिसेंबर २०११

प्रिय भाग्यश्री,

तुझी आई आज आमच्या लिफ्टमधून तीनदा वर-खाली करून आली. एकदा कामासाठी, दोनदा उगाच. पाचव्या मजल्यावर उतरायचं विसरून मालनबाई सातव्यावर गेल्या आणि हसत परत आल्या. "ताई, आरशात मी पुरी दिसले की," म्हणाल्या. बारा वर्षांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तुझ्यासाठी एक निरोपही दिलाय, तो शेवटी सांगते.

हे घडलं कसं, ते ऐक. रविवारी उपासनेनंतर चर्चमधली तरुण मुलं माझ्याकडे बायबल वाचायला जमतात, तुला आठवत असेल. तू पोह्यांसाठी येऊन बसायचीस. आताची मुलं बहुतेक हिंजवडीत नोकरीला. गेल्या महिन्यात आम्ही आमोस संदेष्टा वाचायला घेतला. हा मेंढपाळ परक्या राज्यात जातो आणि आजूबाजूच्या राष्ट्रांना एकेक करून देवाचा न्याय सुनावतो. दिमिष्क, गज्जा, सोर. सगळे शेजारचे वैरी, त्यामुळे ऐकणारे खूश झाले असणार. शेवटी तो त्यांच्याकडेच वळतो.

मी मुलांना विचारलं, आज तो आला तर कोणाला सुनावेल? मग काय विचारतेस! अमेरिका झाली, चीन झाला, पाकिस्तानसाठी तर तिघांनी एकदम हात वर केले. भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीच्या खुणा होत गेल्या, प्रत्येक खुणेला टाळ्या. रतन नावाची मुलगी मात्र उठून नकाशाजवळ गेली. तिने भारतावर बोट ठेवलं, मग ते पुण्यापर्यंत आणलं. म्हणाली, "आंटी, आमोस इथे आला ना, तर मेंढपाळाला पाच मजले जिन्यानेच चढावं लागेल. खाली लिफ्टशेजारची पाटी वाचली मी."

सगळे हसले. मी चहा टाकायला आत गेले, तर मालनबाई नुकत्याच जिना चढून आल्या होत्या. ओट्याला धरून गुडघा चोळत होत्या.

इतकी वर्षं मी हा भाग शिकवतेय, भाग्यश्री. राष्ट्रांचा न्याय म्हटलं की सैन्यं आणि जळणारे राजवाडे डोळ्यांपुढे यायचे. तो मेंढपाळ मात्र साधंच विचारतो: तुमच्या वेशीत गरिबाला कसं वागवता? ते आधी सांगा, गाणी मग म्हणा. आपण महासत्ता व्हायचं साल ठरवून बसलोय, आणि आमच्या सोसायटीची वेस म्हणजे ते लिफ्टचं दार. नवल म्हणजे मला भीती वाटली नाही, हलकं वाटलं. देव अजून रागावतोय, म्हणजे त्याने आपला नाद सोडलेला नाही.

काल सोसायटीच्या सभेत मी पाटी काढायचा विषय मांडला. आमचे सेक्रेटरी श्रीनिवासराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण म्हणताय हे?" मी हो म्हटलं. कोणी म्हणालं लिफ्ट बिघडेल, कोणी विजेचं बिल काढलं. शेवटी सातव्या मजल्यावरच्या ललिताआजी उठल्या. "बाई दमून आली की माझ्या कपबशा फोडते. येऊ द्या लिफ्टने." ठराव मंजूर! देवाचा न्याय आमच्याकडे कपबशांच्या आधाराने आला.

श्रीनिवासरावांनी तसं का विचारलं, ते तुला सांगण्यासाठी हे पत्र. 'घरकामाच्या बायकांनी जिन्याने यावे. व्यायाम फुकट मिळेल.' ही वाक्यं माझी आहेत. मी लेखिका, म्हणून पाटी मला लिहायला सांगितली. लोक वाचून हसायचे आणि मी फुशारायचे. ती लागली त्या सकाळी तू अकरा वर्षांची होतीस, आईचा हात धरून पाटीसमोर उभी. मी मागे, जिन्याच्या वळणावर. मालनबाईंना वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय, असं त्यांनी तुला विचारलं. तू सगळं वाचलंस आणि म्हणालीस, "लिफ्ट बंद आहे, आई." मी ऐकलं आणि पुढे झाले नाही. त्याबद्दल मला क्षमा कर, जमेल तेव्हा. नाताळला येशील तेव्हा मी खाली थांबेन. लिफ्टने यावंसं वाटलं नाही, तर तुझ्याबरोबर पाचही मजले चढेन. आणि तो निरोप. तुझ्या आईला सगळं तेव्हाच कळलं होतं, बाळ. आज लिफ्टमधून उतरताना म्हणाल्या, "भागीला लिहा, लिफ्ट चालू झाली."

तुझीच,
पद्मजाताई