चौथ्या ताटाचा नंबर

३ तारीख, सकाळ
आज अचानक आईने ताटं मांडल्याचा आवाज आठवला. खण्, खण्, खण्, थड, खण्. पाच भावंडं, पाच ताटं. तिसरं माझं. चौथ्याला पोचा आलेला, म्हणून त्याचा मालक पोच्या.
संकल्प: वीस तारखेला ताईला ऐंशी पूर्ण. तिच्यासाठी भावंडांची पुस्तिका. शेवटच्या पानावर माझी कविता. छापखान्यात प्रुफं तपासता तपासता एक्सएसएलटी शिकलोय, म्हणजे नोंदींवरून आपोआप पानं मांडणारी संगणकाची भाषा. दोन दिवसांचं काम. त्यातही एका घरच्या नोंदींना भावंडंच म्हणतात! आपल्या आधी किती ते मोजायचं, एक मिळवायचा, नंबर तयार.
पोच्याचं नाव पुसलं. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत म्हणाला होता, माझ्या कवितेची चाल चोरीची आहे. तेव्हापासून बोलणं बंद. बंद म्हणजे बंद.

५ तारीख
नंबर आले: दोन, चार, सहा, आठ, दहा. ताई दुसरी! सूनबाई म्हणाली, बाबा, तो दोन नोंदींमधली मोकळी जागाही मोजतोय, नुसत्या नोंदी मोजायला सांगा. मला ठाऊक होतंच. म्हटलं, तिलाही संधी द्यावी.

८ तारीख
आता एक ते पाच. पण चारपुढे कोरं! उरलो चौघंच, मग धाकटी पाचवी कशी? प्रोग्रॅममध्ये बग.
सूनबाई म्हणे, नाव पुसलंत, नोंद तशीच आहे. रिकामी असली तरी मोजली जाणारच. एक बटण दाबा, जाईल.
उद्या दाबतो.

११ तारीख
बोट दुखतंय. तोवर चारपुढे गुलाबाचं चित्र टाकून पाहिलं. पोच्याला शोभेना. काढलं.

१४ तारीख
धाकटीला कच्ची प्रत पाठवली. लगेच फोन: चार नंबर कुठे गेला रे? म्हटलं, तांत्रिक अडचण. ती म्हणाली, कळली अडचण, दूर करते. हिला एक्सएसएलटीतलं ओ की ठो कळत नाही!

१९ तारीख, सकाळी ९.३०
आज दाबतोच. आधी चहा.

१०.००
बटणावर बोट ठेवलंय.

१०.०५
बेल असताना दारावर कोण थड थड वाजवतंय? बघून येतो.

१०.१५
पोच्या! हातात धाकटीने धाडलेली प्रत. म्हणाला, चार नंबरचा मजकूर राहिलाय म्हणे, घे लिहून. आणि शेवटचं पान वाचलं, चाल अजून चोरीचीच आहे.
नाव टाइप करताना बोट अजिबात दुखलं नाही.